खालची ओळ

आमच्या विनयाला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती म्हणते, "काही नाही, घरीच असते." एवढं धडधडीत खोटं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. अर्थात खोट्याबद्दल मी बोलू नये. का, ते पुढे कळेलच.

विनया माझी सून, जितेंद्रची बायको. माहेर इथलंच, वसईजवळच्या उमेळ्याचं. माहेरी वाडी होती. केळी, पानवेली, चाफा. आता निम्म्या वाडीवर इमारत उभी आहे आणि उरलेल्या निम्मीत तिचा भाऊ चाफ्याची झाडं राखतो. लहानपणी ही पानं मोजून जुड्या बांधायची, न बघता, नुसत्या बोटांनी. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा भाकरी थापता येत नव्हती, पण तांदळातले खडे दुसरीकडे बघत वेचायची. मी कौतुकाने म्हणाले होते, "हिचे डोळे बोटांत आहेत." देवाने ते भलतंच मनावर घेतलं असावं. माणसाने बोलताना जपून बोलावं.

कारण पुढे नात झाली, रेवा, ती जन्मापासून दृष्टी नसलेली.

विनयाने नोकरी सोडली आणि मुंबईला जाऊन ब्रेल शिकून आली. सहा ठिपक्यांचं एक घर, त्यातले कुठले ठिपके उठवले त्यावर अक्षर ठरतं. बोट फिरवायचं आणि वाचायचं. तिने ते रेवाला शिकवलं, नायगावच्या साध्या शाळेत नाव घातलं, आणि पोरगी डोळसांच्या बरोबरीने नववीपर्यंत गेली. बाई शिकवायच्या ते कानाने पकडायची, एकदा ऐकलं की पक्कं.

दोन वर्षांपूर्वी कान जायला लागले. आधी पंख्याचा आवाज गेला, मग कुकरची शिट्टी, मग मी. डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलं, पण आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर दोन शब्द कळतात, तिसरा अंदाजाने. वर्गातलं तर काहीच नाही. शाळा जिथून आत यायची ते दार मिटलं. उरली दहा बोटं.

म्हणून विनयाने शाळाच बोटांवर आणली. उन्नती मॅडम, रेवाच्या वर्गाच्या बाई, दुसऱ्या दिवशी शिकवायचं ते संध्याकाळी कॉम्प्युटरवर पाठवायच्या. विनया त्याचे ठिपके करायची. सकाळी रेवा ती पानं दप्तरात घालून जायची आणि वर्ग चालू असताना बोटं फिरवत बसायची. जूनमध्ये, दहावी सुरू होताच, मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विनयाला बोलावून सांगितलं होतं, "सहामाहीपर्यंत बघू. वर्गाबरोबर चालली तर दहावीचा फॉर्म भरू. नाही चालली तर यंदा थांबवू या. उगाच पोरीचे हाल." विनयाने घरी येऊन पदराने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, "थांबली की संपलं, आई. घरी बसवली की ती दगड होईल."

आता कॉम्प्युटरचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशी अडतं.

मुंबईतली एक संस्था बंद झाली तेव्हा तिथलं ठिपके पाडायचं मशीन विनयाने उचलून आणलं. पोत्याएवढं जड. ते मशीन एकाच प्रोग्रॅमचं ऐकतं, आणि तो प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीच्या जुन्या सिस्टीमवरच चालतो. मॅडमच्या फायली जुनीत उघडत नाहीत, त्यांना नवी सिस्टीम लागते. आणि नवीला मशीन दिसत नाही. दुसरा कॉम्प्युटर घ्यावा तर टेबल ठेवायला जागा नाही, आणि जागा असती तरी पैसे कुठे. शेवटी जॅक्सनला बोलावलं. जॅक्सन म्हणजे आमचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, मिठागराच्या बाजूच्या गावातला, पन्नाशीचा, गळ्यात क्रूस आणि कानावर पेचकस.

"वहिनी, एकाच घरात दोन बिऱ्हाडं करून देतो," तो म्हणाला. "चालू केला का काळ्या पडद्यावर दोन ओळी येतील. वरची नवी, खालची जुनी. दहा मोजायच्या आत जी पायजे ती निवडा."

मी म्हणाले, "म्हणजे एका घरात दोन सासवा."

"पन मावशी, एका टायमाला एकच जागी. दुसरी झोपलेली. भांडन नाय."

"मग तुझ्या घरी का नाही केलीस अशी सोय?"

"आमच्याकडे तिघी हायत," जॅक्सन म्हणाला.

तेव्हापासून दीड वर्ष ते घर चाललं. विनया नवीत बसून फाईल नीट करायची, मग बंद करून पुन्हा चालू, आणि खालची ओळ. खालची ओळ दाबणं माझं काम. मी चौथी नापास, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण खालचा बाण मला ओळखता येतो. मशीनला जाड कागद लावायचा, पान बाहेर आलं की कडेची भोकांची पट्टी फाडायची, हेही माझं. मशीन असं धडधडायचं की खालच्या मजल्यावरच्या शांताबाई जिन्यातून ओरडायच्या, "काय कृष्णाबाई, पोहे कांडताय का?" मशीनखाली मी गोधडी घातली तरी त्यांचे पोहे काही थांबले नाहीत.

आता दसरा.

माझे यजमान सातिवलीच्या कारखान्यात लेथवर होते. दसऱ्याला सगळी यंत्रं पुसून पूजा व्हायची. त्यांचा एक नियम होता, चालत्या यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही. त्यांच्या शेजारच्याने एकदा फिरत्या लेथला घाईत फूल वाहिलं आणि बोटाचं पेर गमावलं. "आधी यंत्र निजवायचं, मग हात जोडायचे," असं ते सांगायचे. ते गेले तरी मी तो नियम पाळते. शिलाई मशीन, मिक्सर, जितेंद्रची स्कूटर, सगळ्यांना निजवून फूल वाहते.

त्या सकाळी विनया रेवाला घेऊन उमेळ्याला भावाकडे फुलं आणायला गेली. जितेंद्र सातिवलीला, त्याच्या गोदामातल्या पूजेला. जाताना विनया कॉम्प्युटर चालूच ठेवून गेली. नव्या सिस्टीमला आणखी नवी करायचं काम तिने लावलं होतं, कारण मॅडमच्या फायली अलीकडे नीट उघडत नव्हत्या. सुट्टीचा दिवस, दोन तास चालू दे, कुणाला त्रास नाही, असा तिचा हिशेब. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती आणि खाली एक पट्टी हळूहळू भरत होती. ओळ काय सांगत होती ते मला नंतर कळलं. बंद करू नका, असं सांगत होती.

मी वाट पाहिली. खोटं नाही, खूप वाट पाहिली. पुरणाचा नैवेद्य तयार, झेंडूचा हार तयार, शिलाई मशीनची पूजा झाली, मिक्सरची झाली. ती पट्टी मात्र एका जागी येऊन बसलेली. मला वाटलं, अडकली. अकरा वाजून गेले. सगळ्या घराची पूजा झाली आणि आमच्या रेवाला जे यंत्र शाळेत नेतं तेच बिनफुलाचं राहणार? मग मी भिंतीवरचं बटण बंद केलं. आतला पंखा हळूहळू थांबला. निजला. मी हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं, हात जोडले. "आमच्या पोरीला सहामाहीतून पार कर," असं म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

दुपारी विनया आली. बटण दाबलं. काळा पडदा आला, पण त्यावर ओळ नाही, ना वरची ना खालची. इंग्रजीतला एक शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ. विनयाने बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा. पुन्हा. सात वेळा केलं, मी मोजलं.

जितेंद्र आला. "आई, मध्ये लाईट गेली होती का?"

आणि मी, सोन्यासारखं राहायला सांगायच्या दिवशी, म्हणाले, "गेली असेल."

तेवढ्यात शांताबाई सोनं द्यायला वर आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "कुठली लाईट? सकाळभर माझा मिक्सर चाललाय!"

जितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी आपट्याची पानं मोजायला लागले. विनया कॉम्प्युटरमागच्या वायरी चाचपत होती, ती मान वर न करता म्हणाली, "एकेका घराचीच जाते कधीकधी, शांताकाकू. आमची गेली असेल." विषय तिथे मिटला. मला वाटलं, वाचले. म्हातारपणी माणूस एवढं कोडगं होतं.

सहामाहीला अकरा दिवस होते.

जॅक्सन आला, पाणी मागितलं, दोन तास खाली बसून राहिला. मग म्हणाला, "वहिनी, नवीचं टेन्शन घेऊ नका, ती मी पुन्हा टाकीन. पन डिस्क म्हातारी हाय. चालता चालता वीज तुटली आन् जिथं जुनी होती नेमकी तीच जागा खराब झाली. त्या प्रोग्रॅमची सीडी हाय?"

सीडी होती! विनयाने कपाटाच्या तळातून, लग्नाच्या शालूखालून ती काढली. तिचा चेहरा पाहून मी देवाला पाच नारळ बोलले. तिने कागदी पाकीट उघडलं. वसईची हवा. दहा पावसाळ्यांची ओल खाऊन सीडीवर बुरशीची नक्षी उमटली होती, नाजूक, फणसाच्या पानावरच्या शिरांसारखी. जॅक्सनने पुसली, फुंकली, मऊ फडक्याने पुन्हा पुसली, आत घातली. कॉम्प्युटरने ती घुर्र घुर्र फिरवली आणि काही न वाचता बाहेर काढून दिली.

संस्थेत फोन केला. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा होता. प्रोग्रॅम बनवणारे कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. अशी मशीनं असलेल्या आणखी दोन ठिकाणी विनयाने विचारलं. एकांनी सांगितलं, दिवाळीनंतर बघू. दुसऱ्यांकडे रांग होती, महिनाभराची. जॅक्सन कॉम्प्युटरचा डबा उचलून दुकानात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी रेवा शाळेत गेली ती रिकाम्या दप्तराने. परत आली तेव्हा मी तिच्या कानाशी ओरडले, "काय झालं शाळेत?" ती म्हणाली, "काही नाही आजी. बाकाच्या लाकडाला किती रेघा आहेत ते वाचलं. एकोणीस."

त्या दुपारी विनयाने माळ्यावरून ब्रेलची पाटी उतरवली. पत्र्याची पट्टी, तिला छोट्या छोट्या खिडक्या, आणि लाकडी मुठीची टोचणी. रेवा पहिलीत असताना वापरायची ती. कागद पाटीत अडकवायचा आणि एकेक ठिपका टोचायचा. मागून टोचायचं, म्हणजे उजवीकडून डावीकडे, अक्षरही उलटं, तरच पान पालटल्यावर सुलट येतं. मशीन जे पान मिनिटभरात द्यायचं त्याला हाताने अर्धा तास. आणि पाच विषयांची मिळून सत्तर पानं बाकी.

तिने टोचायला सुरुवात केली. भात लावला नाही, वेणी घातली नाही. दोन दिवसांत तिच्या अंगठ्याला फोड आला, फुटला, त्यावर तिने चिकटपट्टी गुंडाळली. जितेंद्र कामावरून येऊन एक पान करायचा आणि त्यात चार भोकं पाडायचा. मी पाहत होते. चौथ्या दिवशी मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मला शिकव."

"आई, डोळे दुखतील तुमचे."

"दुखू देत. त्यांना दुसरं काम काय आहे?"

तिने दुसरी पाटी दिली. क म्हणजे एक-तीन. म म्हणजे एक-तीन-चार. काना म्हणजे तीन-चार-पाच. ती तोंडाने आकडे सांगायची, मी टोचायची. म्हणजे तिचे हात तिच्या पानावर आणि तोंड माझ्या पानावर. माझं पहिलं अख्खं पान मी सरळ टोचलं, डावीकडून उजवीकडे. सगळं उलटं उमटलं. मी रडायच्या बेतात. रेवाने ते पान घेतलं, बोटं फिरवली, थांबली, मग उजवीकडून उलटं वाचत गेली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "आजी, हे पान आरशात बघून केलंस का?" आणि दुसऱ्या पानावर म्हणाली, "तुझं पान लगेच कळतं. आईचे ठिपके बोलतात. तुझे ओरडतात."

पाचव्या दिवशी दुपारी रेवा शाळेत होती, जितेंद्र गोदामात. आम्ही दोघी समोरासमोर टोचत होतो. टक, टक, टक. मला सहन होईना.

"विनया, दसऱ्याला लाईट गेली नव्हती."

"माहीत आहे. दोन-चार-पाच."

माझी टोचणी थांबली. "माहीत आहे?"

"बटणावर कुंकू होतं, आई. तुमच्या बोटाचं. हे यायच्या आत मी पुसलं." तिचा हात थांबला नव्हता.

"मग बोलली का नाहीस गं? चार दिवस! मी गिळत होते एकटी."

"बोलून चालू झालं असतं?"

"दोन शिव्या तरी घालायच्या होत्यास."

आता तिने मान वर केली. डोळे लाल, खाली काळं. "राग आहे मला. खूप आहे. इतका आहे की बोलायला लागले तर पाटी फेकून देईन. पण रागवायला वेळ लागतो, आणि एकतीस पानं राहिलीत. सहामाही होऊ दे, मग रागवेन. दोन-चार-पाच झालं का?"

"झालं."

"मग एक-पाच."

बाई, अशी शिवी मला जन्मात कुणी दिली नव्हती. मी डोळे पुसले आणि एक-पाच टोचलं. संध्याकाळी जितेंद्रलाही मी सांगितलं. तो जेवता जेवता उठला, गॅलरीत जाऊन उभा राहिला, परत आला आणि उरलेलं जेवला. बापाचा स्वभाव.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, जॅक्सन चर्चमधली मिस्सा करून डबा घेऊन आला. टेबलावर ठेवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. मी खालचा बाण दाबायला बोट तयार ठेवलं होतं. काळा पडदा आलाच नाही. सरळ नवीच उघडली, निळी निळी, हसरी.

"ओळी कुठे गेल्या?" मी विचारलं.

जॅक्सन खाली बघत म्हणाला, "मावशी, एकच बिऱ्हाड उरलं. मग कशाला विचारेल तो, कुठलं दार उघडू म्हनून?" मग विनयाकडे वळला. "वहिनी, लय केलं. जुनीतलं सामान थोडं निघालं, पन तिला उभं करता येत नाय. माझ्याच्यानं नाय झालं." त्याने मजुरीचं नावही काढू दिलं नाही. दारात चपला घालताना मशीनकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली, मयताच्या घरी करतात तशी.

विनयाने मशीनवर जुनी चादर टाकली आणि पाटी पुढे ओढली. विज्ञानाचे दोन धडे राहिले ते राहिलेच.

रेवाने पाच दिवस पेपर दिले. प्रश्न उन्नती मॅडम तिच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर गिरवून सांगायच्या, ते आकार विनयाने तिला शिकवले होते; उत्तरं ती बोलायची आणि नववीतली मुलगी ती लिहून घ्यायची. शनिवारी मोठ्या बाईंनी विनयाला बोलावलं. मीही गेले, म्हटलं अपराधी हजर असावा. चार विषय चांगले होते. विज्ञानात पास, पण अगदी काठावर. बाई म्हणाल्या, "विज्ञानाचं काय झालं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात विनयाने पिशवीतून हाताने टोचलेल्या पानांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी वरचं पान उचललं, बोट फिरवलं. त्यांना अर्थातच वाचता आलं नाही. एका जागी भोक होतं, तिथे त्यांचं बोट अडकलं.

"हे माझं," मी म्हणाले.

त्यांनी पान खाली ठेवलं, चष्मा काढला. "फॉर्म भरू या," म्हणाल्या. "पण मार्चपर्यंत हे असंच हाताने करणार?"

"दुसरं मशीन मिळेपर्यंत," विनया म्हणाली. मिळेल की नाही ते तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. आजही नाही.

लक्ष्मीपूजन आलं. मी पाट मांडला, केरसुणी ठेवली, लाह्या-बत्तासे ठेवले आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन नुसती बसून राहिले. कशालाच लावायचं धाडस होईना. शांताबाई खालून ओरडल्या, "कृष्णाबाई, तुमचे पोहे बंद झाल्यापासून मला दुपारची झोप लागत नाही हो!"

विनया स्वयंपाकघरातून आली, हात पुसले, आणि पाटी-टोचणी आणून माझ्यासमोर पाटावर ठेवली.

"याला लावा, आई."

मी तिच्याकडे बघितलं. सहामाही झाली होती, तिच्या रागाची वेळ आली होती. मी वाट पाहत होते.

"लावा. याला बटण नाही."

मी टोचणीच्या मुठीला हळद लावली, कुंकू लावलं. विनयाने पाच मिनिटं हात जोडले. मग टोचणी उचलली, कुंकवासकट, आणि सातवा धडा काढला.

"म," ती म्हणाली.

"एक-तीन-चार," मी म्हणाले.